जोड्या लावल्या, पण बोलणंच होत नाही

एका विद्यापीठातल्या विभागप्रमुखांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: ‘गेल्या तीन वर्षांत आमच्या विभागात अकरा नवे सहायक प्राध्यापक रुजू झाले. वर्षभरापूर्वी मी प्रत्येकाला एकेक ज्येष्ठ प्राध्यापक मेंटॉर म्हणून नेमून दिला. दर महिन्याला भेटायचं ठरलं, नोंदवही ठेवली. दोन महिने भेटी झाल्या, मग थांबल्या. नोंदवहीत सह्या मात्र नियमित आहेत. मध्यंतरी दोघींनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर दोघीही “वैयक्तिक” म्हणाल्या. ज्येष्ठ म्हणतात, नव्यांना गरजच वाटत नाही. नवे काहीच म्हणत नाहीत. भेटी सक्तीच्या करून त्यांची नोंद वार्षिक मूल्यमापनात घ्यावी, असं मनात आहे. योग्य होईल का? शिवाय पन्नाशीच्या आसपासचे तीन-चार सहकारी आहेत, त्यांचं संशोधन थांबल्यासारखं झालंय. त्यांच्यासाठी काही करता येईल का?’

तुमच्या पत्रातलं ‘नवे काहीच म्हणत नाहीत’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण सगळी अडचण तिथेच आहे. सक्ती केलीत तर सह्या वाढतील आणि ही गप्प राहण्याची सवय आणखी पक्की होईल. म्हणून आधी स्पष्ट सांगते: सक्ती नको, आणि मूल्यमापनात नोंद तर मुळीच नको.

भेटी का थांबल्या असतील, ते एखादी भेट डोळ्यांसमोर आणली की कळतं. नवे प्राध्यापक ज्येष्ठांच्या केबिनमध्ये जातात. ‘कसं चाललंय?’ ‘ठीक चाललंय, सर.’ ‘काही अडचण?’ ‘नाही, तशी काही नाही.’ ‘असली तर सांगा, संकोच करू नका.’ दहा मिनिटांत भेट संपते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात दोघांनाही वाटतं की उगाच समोरच्याचा वेळ कशाला घ्यायचा. यात कुणाचा आळस नाही आणि कुणाचा अहंकारही नाही. ‘काही अडचण?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं म्हणजे आपण कमी पडतोय अशी कबुली देणं. आणि समोर बसलेली व्यक्ती दोन-तीन वर्षांनी आपल्याच बढतीच्या समितीत बसणार, हे नव्या माणसाला पुरतं ठाऊक असतं.

त्यामुळे पहिला बदल इथे करा. मूल्यमापन करणारी व्यक्ती आणि मेंटॉर या दोन खुर्च्या वेगळ्या ठेवा. बढतीच्या समितीवर असलेल्या किंवा येत्या दोन वर्षांत येऊ शकणाऱ्या प्राध्यापकांना त्याच उमेदवाराचं मेंटॉर नेमू नका. विभाग लहान असेल आणि माणसं पुरत नसतील, तर शेजारच्या विभागातून मेंटॉर घ्या. त्यांना विषय तंतोतंत कळला नाही तरी चालतं, कारण वेळेचं नियोजन, विद्यार्थ्यांशी वागणं, समित्यांना नकार देणं यांसाठी विषय एक असावा लागत नाही. विभागप्रमुख म्हणून तुम्ही स्वतः कुणाच्याही मेंटॉर होऊ नका, मनात कितीही आस्था असली तरी. तुमचं काम वेगळं आहे, आणि ते मेंटॉरच्या कामापेक्षा मोठं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

गोपनीयतेचा नियम पहिल्या भेटीतच तोंडाने बोलला गेला पाहिजे: इथलं बोलणं इथेच राहील. त्याला अपवाद तीन: कुणाच्या जिवाला धोका, छळाची तक्रार, संशोधनातली लबाडी. अपवाद आधी सांगितले की उरलेल्या गोष्टींबद्दल विश्वास बसतो. नंतर सांगितले तर फसवल्यासारखं वाटतं.

आता प्रश्नांबद्दल. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळतं. मेंटॉरनी असं विचारावं: गेल्या आठवड्यात सर्वांत जास्त वेळ कशात गेला? कोणत्या पेपरला शेवटचा हात कधी लावला? पुढच्या सत्रात कोणता विषय शिकवायला मिळाला नाही तर बरं वाटेल? या प्रश्नांची उत्तरं देताना कबुलीजबाब द्यावा लागत नाही, नुसती माहिती द्यावी लागते. अडचण त्या माहितीतून आपोआप वर येते.

भेटीचा अजेंडा नव्या प्राध्यापकाने ठरवायचा. दोन दिवस आधी तीन ओळी पाठवायच्या: मागच्या वेळी ठरलेल्याचं काय झालं, या वेळी कशावर बोलायचंय, आणि मेंटॉरकडून नेमकं काय हवंय. मत हवंय, ओळख करून हवीय, मसुदा वाचून हवाय की नुसतं ऐकून घ्यायला हवंय? हा शेवटचा भाग वगळू नका. ज्याला नुसतं बोलायचं होतं त्याला सल्ल्यांची यादी मिळाली, की तो पुढच्या वेळी येत नाही. पहिल्या सत्रात दर दोन-तीन आठवड्यांनी आणि नंतर महिन्यातून एकदा पाऊण तास भेट पुरेशी आहे. भेट संपता संपता पुढची तारीख दोघांच्या कॅलेंडरवर गेली पाहिजे, कारण ‘बघू, फोन करतो’ म्हटलं की ती भेट गेलीच.

तुमच्या योजनेमागचं दुसरं गृहीतक असं की प्रत्येकाला एक मेंटॉर दिला की झालं, शाळेतल्या ‘जोड्या लावा’सारखं. मेंटॉरच्या नात्यावर कॅथी क्रॅम यांचं १९८३ सालचं संशोधन अजूनही पायाभूत मानतात. एका मोठ्या कंपनीतल्या १८ नात्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. अशा नात्यातून माणसाला दोन प्रकारचा आधार मिळतो, असं त्यांनी मांडलं. एक कारकिर्दीचा: नाव सुचवणं, चार लोकांसमोर आणणं, शिकवणं, सांभाळून घेणं, आव्हानाचं काम देणं. दुसरा मनाचा: आदर्श म्हणून समोर असणं, स्वीकारणं, ऐकून घेणं, मैत्री. हे सगळं एकाच माणसाकडून मिळेल ही अपेक्षाच चुकीची आहे. २००१ मध्ये क्रॅम यांनीच मोनिका हिगिन्स यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात एका मेंटॉरऐवजी आधार देणाऱ्या माणसांच्या जाळ्याचा विचार मांडला.

हे जाळं कागदावर काढता येतं. अकराही जागांवरच्या प्राध्यापकांना एकेक कोरा कागद द्या. डावीकडे गरजा लिहायच्या: मसुद्यावर परखड मत देणारं कोण, वर्गात येऊन बसेल असं कोण, बढतीचे नियम बारकाईने माहीत असलेलं कोण, संशोधन निधीचा अर्ज वाचून देणारं कोण, आपण हजर नसलेल्या बैठकीत आपलं नाव काढणारं कोण, बरोबरीचं कोण, आणि जिच्यासमोर रडू आलं तरी चालेल अशी व्यक्ती कोण. उजवीकडे नावं. कागद तुम्हाला दाखवायचा नाही, मेंटॉरला दाखवायचा. बहुतेकांच्या कागदावर दोन-तीन रकाने रिकामे राहतात, आणि एकच नाव चार ठिकाणी येतं. मेंटॉरचं पहिल्या वर्षाचं काम म्हणजे ते रिकामे रकाने भरायला मदत करणं. सगळे रकाने स्वतःच्याच नावाने भरण्याचा मोह त्यांनी टाळावा.

शब्दाचाही थोडा घोळ आहे. विद्यापीठात ‘मार्गदर्शक’ म्हटलं की पीएचडीचे गाईड डोळ्यांसमोर येतात आणि नव्या प्राध्यापकाला पुन्हा विद्यार्थी झाल्यासारखं वाटतं. तुम्ही ‘मेंटॉर’ म्हणताय ते बरंय, पण ज्येष्ठांच्या मनातही गाईडची खुर्ची आहे का, ते तपासा. ‘नव्यांना गरजच वाटत नाही’ हे वाक्य त्या खुर्चीवरून आल्यासारखं वाटतं.

आता तुमचं काम. नवे शिक्षक कमी पडतात म्हणून त्यांना मेंटॉर द्यायचा, असा सूर तुमच्या पत्रात आहे. एकदा उलटं करून पाहा: त्यांचं वेळापत्रक हातात घ्या. समजा एखादीकडे आठवड्याला १४ तासिका आहेत आणि त्यातल्या ९ पूर्णपणे नव्या विषयांच्या. नव्या तासिकेला तीन तास तयारी धरली तर २७ तास. उरलेल्या ५ तासिकांना एकेक तास. प्रत्यक्ष शिकवणं १४ तास. बेरीज ४६ तास झाली. यात उत्तरपत्रिका नाहीत, प्रकल्पांचे विद्यार्थी नाहीत, समित्या नाहीत आणि संशोधनाचा एक तासही नाही. अशा माणसाला जगातला सर्वोत्तम मेंटॉर दिला तरी तो काय करणार? वेळेच्या नियोजनाचा सल्ला इथे जखमेवर मीठ ठरतो.

म्हणून वेळापत्रक लावताना काही गोष्टी ठरवून टाका. पहिली दोन वर्षं एका सत्रात एकच नवा विषय. दिलेला विषय निदान तीन वेळा सलग त्याच व्यक्तीकडे, कारण तयारीची खरी बचत दुसऱ्या-तिसऱ्या वेळी होते. दरवर्षी विषय बदलला तर माणूस कायम पहिल्याच वर्षात राहतो. आठवड्यातला निदान एक अर्धा दिवस तासिकांविना सलग मोकळा. दोन तासिकांमधल्या चाळीस मिनिटांच्या चार फटी मिळून अर्धा दिवस होत नाही. त्या फटींत ईमेल होतात, लेखन होत नाही.

मेंटॉरच्या कामालाही कार्यभारात जागा द्या. एका मेंटॉरकडे दोनपेक्षा जास्त जण नकोत. महिन्याची एक भेट, आधी मसुदा वाचणं, सत्रात एकदा वर्गात बसणं, असं धरलं तर वर्षाला एका व्यक्तीमागे वीस-पंचवीस तास सहज जातात. तेवढ्या तासांच्या बदल्यात त्यांची एखादी समिती कमी करा. फुकटच्या कामाचा दर्जा ठेवा असं कुणाला सांगता येत नाही.

समित्यांच्या बाबतीत एक चांगला अभ्यास आहे. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. बढतीत फारसं मोजलं न जाणारं, पण कुणीतरी करायलाच हवं असं काम गटापुढे ठेवलं, तर स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत स्त्रिया पुरुषांच्या जवळपास दीडपट वेळा पुढे आल्या. कामासाठी विचारणाही त्यांनाच जास्त झाली. गटात फक्त पुरुष असले की तेही तितकेच पुढे येत. म्हणजे हा स्वभावाचा प्रश्न नव्हता. बाई असली की ती करेल, ही सगळ्यांचीच अपेक्षा होती. तुमच्याकडून गेलेल्या दोघीही स्त्रिया होत्या. त्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही, पण गेल्या तीन वर्षांत स्नेहसंमेलन, इतिवृत्त, पाहुण्यांचं स्वागत, विद्यार्थ्यांच्या तक्रारी ही कामं कुणाकडे गेली त्याची यादी काढून बघा. आणि बैठकीत ‘हे कोण करेल?’ असं विचारणं बंद करा. आळीपाळीचा तक्ता लावा. पहिल्या वर्षातल्या व्यक्तीला एकच लहान समिती. बाहेरून कुणी दुसरं काम सांगितलं तर तिने ‘विभागप्रमुखांना विचारून सांगते’ म्हणावं आणि नकार तुम्ही द्यावा. नव्या माणसाने दिलेला नकार लोकांच्या लक्षात राहतो. तुमचा राहत नाही.

वर्षातून एकदा प्रत्येकाशी तासभर कारकिर्दीवर बोला. वार्षिक अहवालाच्या दिवशी नको, वेगळ्या दिवशी. या भेटीत बढतीच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. समजा पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला फाईल द्यायची आहे. अनेक विषयांत पेपर लिहून पूर्ण व्हायला चार-सहा महिने, परीक्षकांचं मत यायला आणखी काही महिने, मग सुधारणा, किंवा नकार आणि दुसरं जर्नल. पहिल्या मसुद्यापासून छापून येईपर्यंत दीड-दोन वर्षं लागणं नेहमीचं आहे. म्हणजे जे काम तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस सुरू होतं ते फाईलमध्ये दिसण्याची शक्यता कमीच. हे गणित पहिल्या सहा महिन्यांत कळलं तर उपयोगाचं. चौथ्या वर्षी कळलं तर नुसती झोप उडते.

मेंटॉरबरोबर पाहायचा एक साधा तक्ता: कल्पना, माहिती गोळा करणं, मसुदा, जर्नलकडे, सुधारणा, असे पाच रकाने आणि हातातली सगळी कामं त्यांत. सगळं ‘मसुदा’मध्ये अडकलं असेल तर माणूस सुरुवाती करतोय, पूर्ण करत नाहीये. त्याला नव्या कल्पनांपासून दूर ठेवा. सगळं ‘जर्नलकडे’ असेल तर दीड वर्षाने तक्ता रिकामा होणार. जर्नल निवडताना मेंटॉरनी एक प्रश्न जरूर विचारावा: या जर्नलमधले किती लेख तुम्ही स्वतः वाचलेत? उत्तर ‘एकही नाही’ आणि बोलावणं स्तुतीच्या ईमेलने आलेलं, छापायचं शुल्क आधी, परीक्षण चार दिवसांत, असं असेल तर थांबायचं. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून घ्यायला सांगा. १६ अंकांची ही ओळख २०१२ पासून मिळते, मोफत आहे, आणि नावाचं स्पेलिंग किंवा आडनाव बदललं तरी लेखन एकाच व्यक्तीच्या नावावर राहतं.

इथे एक नाजूक मुद्दा. मेंटॉरचं नाव पेपरवर यावं का? वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाच्या चार अटी घातल्या आहेत आणि चारही एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा महत्त्वाच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. तुमचा विषय वैद्यकीय नसला तरी ही फूटपट्टी कामाची आहे. मसुदा वाचून चार सूचना करणारा मेंटॉर लेखक होत नाही. त्याचे आभार मानायचे. हे योजनेच्या कागदावरच लिहा, म्हणजे नव्या माणसाला स्वतःच्या तोंडाने बोलावं लागणार नाही. नातं बिघडण्याचं हे फार जुनं कारण आहे.

शिकवण्याबद्दल थोडक्यात. मेंटॉरनी सत्रात एकदा वर्गात बसावं, पण आधी पंधरा मिनिटं बोलून: आज कशाकडे लक्ष देऊ? वर्गात दर पाच मिनिटांनी काय घडलं एवढंच टिपायचं. ‘१० वाजून २० मिनिटं, प्रश्न विचारला, दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं.’ शेरे नकोत. दोन दिवसांच्या आत त्यावर बोलायचं. टिपण त्या शिक्षकाचं, फाईलमध्ये जाणार नाही. विद्यार्थ्यांचं मत सत्राच्या शेवटी घेतलं तर ते फक्त निकालासारखं वाचलं जातं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात दोनच प्रश्न विचारा: शिकायला कशाची मदत होते, कशाने अडतं? त्याच सत्रात दुरुस्ती करता येते. आणि ६० पैकी ८ जणांनी भरलेल्या फॉर्मची सरासरी काढून त्यावर कुणाला बोल लावू नका.

पन्नाशीतल्या सहकाऱ्यांसाठी ‘थांबलेले’ हा शब्द सोडा. बढती मिळाली की सगळ्या योजना संपतात आणि समित्या सुरू होतात. दहा वर्षं विभागाचा गाडा ओढणाऱ्याचं संशोधन मागे पडलं तर तो त्याचा एकट्याचा दोष नव्हे. त्यांना नव्यांचे मेंटॉर करून प्रश्न सुटणार नाही. त्यांनाही आधार हवाय, मात्र ज्येष्ठांचा नको, बरोबरीच्यांचा. चार जणांचा गट, पंधरवड्यातून एकदा दीड तास, प्रत्येकाने पुढच्या पंधरा दिवसांचं एक काम सांगायचं आणि मागचं झालं का ते सांगायचं, इतकी साधी रचना चालते. त्यांच्याशी बोलताना विचारा: पुढची दहा वर्षं कशात घालवायला आवडेल? उत्तर कदाचित पेपर नसेल. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये विद्वत्तेचे चार प्रकार मांडले: शोध, ज्ञानाची सांगड, उपयोजन आणि अध्यापन. ज्यांना अभ्यासक्रम नव्याने घडवायचाय किंवा विषय समाजात न्यायचाय, त्यांच्या कामाला बढतीत आणि कार्यभारात जागा मिळवून देणं तुमच्या हातात आहे.

गेलेल्या दोघींशी पुन्हा बोलणं शक्य असेल तर ते तुम्ही करू नका. विभागाबाहेरच्या, त्यांना शिफारसपत्र द्यावं लागणार नाही अशा व्यक्तीला सांगा. ‘का गेलात?’ याचं उत्तर ‘वैयक्तिक’ असंच येतं. ‘जायचा विचार पहिल्यांदा कधी आला, त्या आठवड्यात काय झालं होतं?’ असं विचारावं. कारण पगार निघेल, घर निघेल, किंवा चार नवे विषय निघतील. मेंटॉर योजनेचा त्यात काही संबंध नसेल, अशीही शक्यता आहे.

योजना चालते का हे भेटी मोजून कळणार नाही. वर्षअखेरीस तीनच गोष्टी विचारा: या वर्षी मदत लागली तेव्हा कुणाकडे जायचं ते माहीत होतं का, बढतीसाठी काय लागतं ते स्पष्ट आहे का, आठवड्यात लेखनाला सलग वेळ मिळाला का. मात्र इतक्या कमी लोकांत निनावी फॉर्म निनावी राहत नाही, शब्दांवरूनही माणूस ओळखू येतो. म्हणून हे बाहेरच्या कुणाला तरी गोळा करायला सांगा आणि तुमच्याकडे फक्त सारांश येऊ द्या.

सुरुवात नोंदवही बंद करण्यापासून करा, आणि सध्याच्या जोड्यांना एक छोटं पत्र पाठवा. त्यात एवढंच असावं: ‘गेल्या वर्षी जोड्या मी लावल्या. त्या न जुळण्याचं कारण कुणालाही विचारलं जाणार नाही. ज्यांना बदल हवा त्यांनी महिनाअखेरपर्यंत मला फक्त “बदल” असा एक शब्द लिहावा. नव्या जोडीलाही तीन महिन्यांनी पुन्हा हीच मुभा असेल. ज्येष्ठांनाही हाच हक्क आहे. आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक लावण्याआधी प्रत्येकाने मला आपल्याकडे सध्या किती विषय आहेत आणि त्यातले किती नवे, ते कळवावं.’ या शेवटच्या ओळीची उत्तरं आली की ती आधी वाचा.